वस्तादाची खुर्ची

मत्सर हा माझा स्वभाव नाही. चिंचबोळात कुणालाही विचारा. शेजाऱ्यांनी गाडी घेतली तेव्हा पहिला पेढा मी खाल्ला. माझ्याच एका विद्यार्थ्याला माझ्याआधी विभागप्रमुख केलं तेव्हा त्याच्या सत्काराचं भाषण मीच लिहून दिलं. त्यामुळे त्या संध्याकाळी तालमीच्या दारात नानांची जीप थांबली आणि तिच्यातून साठीच्या घरातला एक तांबूस, टकला गोरा माणूस गुडघे धरत उतरला, तेव्हा हा आला तसा परत जावा, एवढंच मला वाटलं. याला मत्सर म्हणत नाहीत.

"सर, हे साहेब स्कॉटलंडचे," नाना म्हणाले. नाना म्हणजे यशवंतराव इंगवले, आमच्या चिंचबोळ तालीम मंडळाचे अध्यक्ष आणि गुळाचे अडते. "गोव्यात गाठ पडली. तिथल्या क्लबानं सोडलं, आपण धरलं."

"कशासाठी?"

"कोच म्हणून."

"मग मी?"

"तुम्ही हाईसा की. तुम्ही कुठं चाललाय?"

कोल्हापूरच्या बाहेर हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे तालमीत एके काळी कुस्ती होती. मग पैलवान कमी झाले आणि फुटबॉल उरला. मारुती तोच, माती तीच, ईर्षाही तीच. त्यामुळे फुटबॉलच्या कोचलाही आम्ही वस्तादच म्हणतो. चिंचबोळाच्या वस्तादाला एक खुर्ची असते. जुनी, सागवानी, वेत विणलेली, हातांची. सामन्याच्या दिवशी ती तालमीतून निघते, एका खेळाडूच्या डोक्यावरून मैदानात जाते, आणि स्टेडियमनं दिलेल्या बाकाशेजारी ठेवली जाते. तिच्यावर फक्त वस्ताद बसतो. माझा गुडघा गेल्यापासून, म्हणजे मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्यापासून, त्या खुर्चीवर मी बसत आलो होतो. एवढ्या वर्षांत चषक एकदाही मिळाला नव्हता. पण खुर्ची होती.

नानांनी मारुतीपुढं नारळ फोडला, साहेबांच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "बसा, वस्ताद."

साहेबांना मराठी येत नव्हतं. तरी ते बरोबर त्या खुर्चीवर बसले.

*

त्यांचं नाव फर्गस ॲबरनेथी. पहिल्या दिवशी पोरांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्या खेपेला त्याचं 'आबा' झालं. मला या बोळात सगळे 'सर' म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, न्हावी म्हणतो, आणि तो शब्द ते लाइनमनलाही वापरतात. आबा व्हायला माणसाला इथं जन्म काढावा लागतो, निदान दोन लग्नं जुळवून द्यावी लागतात. हे गृहस्थ चहा थंड व्हायच्या आत आबा झाले.

दुभाषा म्हणून माझी नेमणूक झाली. एम.ए. इंग्रजी, पहिला वर्ग. आबा बोलायला लागले की मला एक शब्द कळत नसे. घशातून खरवडून काढल्यासारखी ती इंग्रजी होती. मी "पार्डन?" म्हणेपर्यंत आमचा गोलकीपर निवास चौगुले, ज्याला मीच दोनदा इंग्रजीत नापास केलं होतं, बाकीच्यांना सांगून मोकळा झालेला असे.

"आबा म्हंत्यात, बॉलकडं बघू नका. मारणाऱ्याच्या दुसऱ्या पायाकडं बघा. जो पाय जमिनीवर टेकतोय, त्याचा अंगठा जिकडं, बॉल तिकडं."

"हे तुला कसं कळलं?"

"बोललं की त्ये आत्ताच."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहून अंगठा वर केला आणि मग माझ्याशी, माझ्या एकट्याशी, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले. लहान मुलाशी बोलतात तसं.

त्यांना उघडं पाडावं म्हणून मी त्यांच्या कारकिर्दीची चौकशी केली. उमेदीत एका छोट्या गावच्या क्लबाकडून खेळले. मग झांबियात कोच, मग सायप्रस, मग त्रिनिदाद, मालदीव, गोवा. कुठं दोन वर्षं, कुठं दीड. प्रत्येक देशाबद्दल त्यांच्याकडे एकच वाक्य असे. झांबियाचं वाक्य होतं, "पोरं चांगली होती." त्रिनिदादचंही तेच. मग त्यांनी मला विचारलं, "तुझं काय?"

माझी कारकीर्द चिंचबोळ. त्याआधीही चिंचबोळ. मी म्हणालो, "मोठी गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी."

घरी शैलजा म्हणाली, "आबांना रविवारी जेवायला बोलवा."

"त्यांना तिखट झेपणार नाही."

ते तांबड्या रश्श्याच्या चार वाट्या प्यायले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण वाटी खाली ठेवली नाही. शैलजा वाढता वाढता मला म्हणाली, "बघा. तुम्ही लग्न झाल्यापासून 'जरा जाळ झालाय' एवढंच म्हणत आलाय."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही जिंकायला लागलो. पूर्वी आमची पोरं बॉल मिळाला की खाली मान घालून पुढं पळायची आणि वाटेत येईल त्याला आडवं करायची. आता ती थांबून इकडंतिकडं बघायची, एकमेकांना बॉल द्यायची. आबा खुर्चीवर बसून नुसतं कानाला हात लावत. त्यावर पोरं डावीकडची उजवीकडं जात. मी बाकावर, बर्फाच्या बादलीशेजारी. लोक म्हणत, "सर, जरा सरका, आबा दिसंनात."

सेमीफायनल आम्ही जिंकली. दुसऱ्या बाजूनं दगडी चौक जिंकला. दगडी चौक म्हणजे आमच्या बोळापासून दोन वळणांवरची पेठ. त्यांच्या आणि आमच्या भांडणाचं मूळ कारण आता कुणालाच सांगता येत नाही, आणि त्यामुळे ते मिटवताही येत नाही. त्यांचा वस्ताद उत्तमराव निंबाळकर हा माझा सख्खा साडू. शैलजाची धाकटी बहीण वैजयंता त्याला दिलेली. हंगाम सुरू झाला की आम्ही दोघं बोलणं बंद करतो. बहिणी बोलतात, पण दिवाळीपर्यंत नवऱ्यांचा विषय काढत नाहीत.

*

फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी शैलजानं आबांसाठी तिळाची चटणी दिली. मी कॉलेजला जाता जाता त्यांच्या खोलीवर गेलो. खोली नानांच्या दुकानाच्या माडीवर होती, तिला बारा महिने गुळाचा वास. दार उघडं, माणूस नाही. टेबलावर चार कप्प्यांचा स्टीलचा डबा होता.

तो डबा मी ओळखला. आमच्या सासऱ्यांनी दोन्ही मुलींना लग्नात सारखे डबे दिले होते. आमच्या डब्यावर सौ. शैलजाचं नाव कोरलेलं आहे. मी डबा फिरवला. 'सौ. वैजयंता उ. निंबाळकर.'

इतक्यात आबा आले. बूट दवानं ओले, घोट्यापर्यंत नदीकाठचा चिखल. आमचा सराव संध्याकाळी, तालमीमागच्या कोरड्या मैदानात असे.

"हा डबा कुणाचा?" मी विचारलं.

"वैजूचा," ते म्हणाले. 'शैलजा' त्यांना अजून नीट म्हणता येत नव्हतं. "उत्तम रोज आणून देतो. चांगला माणूस आहे. पोरांवर ओरडतो फार."

"तुम्ही दगडी चौकाला शिकवता?"

"सकाळी. तुमच्याकडे संध्याकाळी."

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून."

मी खुर्चीवर बसलो. साधी, पत्र्याची होती. "आबा, ते दगडी चौक आहेत."

"हो. पोरं चांगली आहेत. डावीकडून जरा कच्ची."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. चूल पेटवताना विस्तव भाजतो हे पाहुण्याला कुणी सांगत बसतं का? मीही सांगितलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. फुटलेली डोकी, मोडलेल्या सोयरिकी, उत्तमराव आणि मी. आबा बूट सोडत ऐकत होते. एका बुटाची नाडी सुटली, मग ते दुसऱ्याकडे गेलेच नाहीत.

"आमच्या गावात दोन क्लब होते," ते म्हणाले. "मध्ये नदी. आम्ही अलीकडचे. मी अलीकडून खेळायचो. एका वर्षी मला अलीकडच्यांनी बाहेर बसवलं आणि पलीकडच्यांनी विचारलं. पूल ओलांडायला पाच मिनिटं लागायची. मी ओलांडला."

"मग?"

"वडिलांचं मटणाचं दुकान होतं, अलीकडे. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक बंद. ते रोज दुकान उघडायचे, फळी धुवायचे, संध्याकाळी बंद करायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. शेवटी दुकान विकलं. त्यानंतर अलीकडे आणि पलीकडे सामना झाला, मी पलीकडून गोल केला. वडील बघायला आले होते. उठून गेले." त्यांनी टक्कल पुसलं. "मग मी झांबियाला गेलो. तेव्हाच ठरवलं, जिथं फुटबॉलवरून कुणाचं काही बिघडत नाही अशाच ठिकाणी शिकवायचं. नाना म्हणाले, कोल्हापूर. मी लोकांना विचारलं. कुणी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. म्हटलं, हे बरं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर आमच्या पोरांनी दगडी चौकाच्या सात पिढ्यांबद्दल एक ओळ रंगवली होती. दुभाषा असूनही तिचं भाषांतर मी करून दिलं नाही.

हे ऐकून कुणीही माणूस विरघळला असता. मीही विरघळलो. आणि तरी जिना उतरताना माझ्या मनात आलं ते हे, की मी उद्या दगडी चौकात गेलो तर चिंचबोळात कुणाचं दुकान बंद पडेल? आमच्या घराखाली झेरॉक्सचं दुकान आहे. ते चाललं असतं. या माणसाचं पाप करणंसुद्धा माझ्यापेक्षा मोठं होतं.

जिना संपतो तिथंच नानांचं दुकान. एका वाक्याचं काम होतं. चिंचबोळाचा वस्ताद सकाळी दगडी चौकाला डाव शिकवतो, एवढं सांगितलं की दुपारच्या गाडीनं आबा गोव्याला, आणि उद्या खुर्ची माझी.

"नाना," मी म्हणालो, "एक वाईट गोष्ट कळली."

नाना गुळाच्या ढेपेवर अंगठा दाबून बघत होते. "बोला की."

"आबा सकाळी दगडी चौकाला शिकवतात."

"सकाळीच न्हवं?"

"हो."

"संध्याकाळी आपल्याकडं असत्यात न्हवं?"

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

नानांनी अंगठा चाटला. "सर, परदेशी कोच एका तालमीला झेपतोय व्हय? दगडी चौकाचा अध्यक्ष आणि मी एकाच बाजारात बसतोय. त्याची पेढी ती काय, समोर. खोली आपली, डबा त्यांचा. असं ठरलंय."

"पोरांना ठाऊक आहे?"

"त्यांच्या पोरांना वाटतंय, आबा आपल्याशी फितुरी करून त्यांस्नी शिकवत्यात. खूश हाईत ती. आपल्या पोरांना काय सांगू नका. पोरांनी ईर्षा करायची. ईर्षाच नसंल तर मॅच बघाय येतंय कोण?"

"आणि उद्या आबा कुणाच्या बाजूला बसणार?"

"कुणाच्याच न्हाई. पोट बिघडलंय म्हणून सांगायचं." मग नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, गुळाचा. "म्हणून तर तुम्हाला ठेवलंय, सर. उद्या खुर्चीवर तुम्ही."

*

दुसऱ्या दिवशी निवासनं खुर्ची डोक्यावरून मैदानात आणली. मी बसलो. इतक्या महिन्यांत तिचा वेत आबांच्या मापानं खचला होता, त्यामुळे मी सारखा एका बाजूला घसरत होतो. पण बसलो. स्टेडियम दोन्ही अंगांनी भरलेलं, निम्मं भगवं-काळं, निम्मं हिरवं-पांढरं. पोलीस दाटीवाटीनं उभे.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात लोक गप्प झाले. आमची पोरं शांतपणे बॉल फिरवत होती. त्यांचीही. आमच्या निवासनं कानाला हात लावला, आमची डावीकडची उजवीकडं गेली. त्यांच्या कप्तानानं कानाला हात लावला, त्यांचीही गेली. कॉर्नरला आमचा एकजण जवळच्या खांबाकडं धावला, तिथं त्यांचा माणूस आधीच उभा होता, कारण त्यांच्या कॉर्नरला तोच धावत होता. कुणी कुणाला पाडलं नाही. एकाला चुकून धक्का लागला, तर दुसऱ्यानं त्याला हात देऊन उठवलं. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, "ह्यांच्यात सोयरीक झालीया काय?" पोलीस शेंगा खायला लागले.

मध्यंतरात पाण्याच्या टाकीपाशी उत्तमराव भेटले. हंगामात पहिल्यांदाच.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"मला काय कळायचंय? मी पहिल्यापास्नं बर्फाच्या बादलीशेजारी उभा."

"तुमच्याकडेही बादली आहे?"

"तुमचं तरी बरं, भाऊसाहेब. तुमच्याकडं तो उजळ माथ्यानं यायचा, हार घालून घ्यायचा. आमच्याकडं चोरून. त्यात मला गिरणीत चटणी-भाकरी, आणि त्येला चार कप्पे. शेवटच्या कप्प्यात खीर. वैजूनं मला खीर कधी केलीया ते आठवत न्हाई."

मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्यावर जळत होतं.

शेवटपर्यंत शून्य-शून्य. मग टायब्रेकर. आमच्या पहिल्या पोरानं बॉल मारला, त्यांच्या गोलकीपरनं अडवला. त्यांचा पहिला आला. निवासनं त्याच्या टेकलेल्या पायाकडं पाहिलं आणि बरोबर तिकडं झेप घेतली. दुसरा, तिसरा, चौथा. दोन्ही गोलकीपर पायाच्या अंगठ्याकडं बघत होते आणि एकही बॉल आत जाऊ देत नव्हते. पाच-पाच झाले. मग बाकीचे झाले. मग गोलकीपरनी एकमेकांचे अडवले. दिवे नव्हते. बॉल दिसेनासा झाला तेव्हा संयोजकांनी टेबलावर चढून संयुक्त विजेतेपद जाहीर केलं. चषक सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. नाणं उडवलं, पहिले सहा महिने त्यांना मिळाले. दोन्हीकडच्या पोरांनी चषकाला एकदमच हात घातला. बऱ्याच ओढाओढीनंतर तो त्यांच्याकडे गेला.

पण विजेतेपद ते विजेतेपद. वस्तादाला खुर्चीसकट उचलायची आमची पद्धत. तिचा उपयोग माझ्या काळात कधी झाला नव्हता. पोरांनी मला उचललं. गुलाल, हलगी, शैलजा गॅलरीतून बघतेय. मी एका बाजूला घसरत होतो, पण हात हलवत होतो. तो बोळाच्या तोंडापर्यंतचा रस्ता मला अजून दगडादगडासकट पाठ आहे.

बोळाच्या तोंडाशी निवास ओरडला, "आबांकडं चला रं."

खुर्ची वळली. मी वरून "अरे, आधी तालमीत" म्हणत होतो, पण हलगीत ते कुणाला ऐकू जाणार? आबांच्या खोलीला कुलूप. नाना म्हणाले, "दगडी चौकात असतील. उत्तमकडं." आमची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग निवासनं खुर्चीचा पाय खांद्यावर नीट घेतला आणि चालायला लागला. चिंचबोळाची मिरवणूक दगडी चौकात शिरण्याची ती पहिलीच वेळ. तिकडून त्यांची येत होती. दोन्ही उत्तमरावांच्या दारात थांबल्या.

वैजयंता दारात उभी. तोंडावर बोट.

"हळू," ती म्हणाली. "दुपारी मटण जेवले, तेव्हापासून झोपलेत."

"मॅच?" मी वरून विचारलं.

"बघायचीच नव्हती त्यांना. रेडिओसुद्धा बंद करायला लावला."

हलगी थांबली. पोरांनी खुर्ची खाली ठेवली, दगडी चौकात, माझ्यासकट. दोन्हीकडची पोरं पायऱ्यांवर बसली, आधी वेगवेगळी, मग जागा पुरेना म्हणून मिसळून.

आबा बऱ्याच वेळानं बाहेर आले. गालावर उशीची वळी. समोर गुलालानं माखलेली पोरं पाहून ते दारातच थांबले. कोण कुठलं ते त्या रंगात ओळखू येत नव्हतं.

"कोण जिंकलं?" त्यांनी मला विचारलं. एकेक शब्द सुटा करून.

"दोघं," मी म्हणालो.

"दोघं?"

"शून्य-शून्य. चषक दोघांना."

त्यांनी पोरांकडं पाहिलं, मग उत्तमरावांकडं, मग पुन्हा पोरांकडं. "कुणाला लागलं?"

"कुणालाच नाही."

त्यांनी टक्कल पुसलं. ते पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं. गुडघे धरून ते बसायला जागा शोधायला लागले. पायऱ्या पोरांनी भरल्या होत्या. मला कुणी सांगितलं नाही. मी खुर्चीवरून उठलो. ते बसले, आणि वेत त्यांना बरोबर बसला.

"आबांचा फोटो काढा रं," कुणीतरी म्हणालं. "सर, जरा सरका."

पुढच्या हंगामाआधी आबा मॉरिशसला गेले. मी पुन्हा खुर्चीवर बसायला लागलो. वेत नवा विणून घेतला. चषक सहा महिन्यांनी आमच्याकडे यायचा होता. तो अजून दगडी चौकात आहे. त्या दिवशीच्या ओढाओढीत त्याचं झाकण निवासच्या हातात राहिलं. ते आमच्याकडे आहे.